कौलारू घरात आजारी माणूस वेगळा ठेवताना

प्रश्न असा आला आहे: गोव्यातल्या डिचोली तालुक्यात जुनं कौलारू घर. घरात नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, 72 वर्षांच्या मधुमेही सासूबाई आणि प्रश्न विचारणाऱ्या ताई. संडास आणि न्हाणीघर एकच, मागीलदारी. 2021 साली कोविडच्या लाटेत घरातले सगळे एकापाठोपाठ आजारी पडले. पुन्हा साथ आली आणि एकाला ताप आला, तर बाकीच्यांना कसं वाचवायचं? आणि इतके दिवस एका खोलीत काढायचे तर मन कसं सांभाळायचं?

ताई, हे दोन प्रश्न वेगळे समजू नका. खोलीत एकटा पडलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी दार उघडून बाहेर येतो. "जरा पडवीत बसतो" म्हणतो, चहा घ्यायला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येतो, रात्री सगळे झोपल्यावर टीव्हीपुढे बसतो. पुष्कळ घरांत संसर्ग असाही पसरतो. म्हणून खोलीतल्या माणसाचं मन रमवणं हे लाड नाहीत. मास्क आणि साबण जितका महत्त्वाचा, तितकंच ते महत्त्वाचं आहे.

आधी शब्द स्पष्ट करू, कारण वर्तमानपत्रांनी दोन्हीला सरसकट 'विलगीकरण' म्हणून घोळ केला होता. आयसोलेशन हे आजारी माणसाचं. क्वारंटाइन हे त्याच्या सहवासात आलेल्या, पण अजून धडधाकट असलेल्या माणसाचं. दोन्हींचे दिवस वेगवेगळे मोजायचे. आजाऱ्याला लक्षण दिसलं तो दिवस शून्य. ताप सोमवारी आला तर मंगळवार पहिला दिवस आणि दहावा दिवस पुढच्या आठवड्यातला गुरुवार. कोविडसाठी 2020 साली आपल्याकडचा नियम होता लक्षणांपासून 10 दिवस, त्यात शेवटचे 3 दिवस तापाशिवाय. जानेवारी 2022 मध्ये तो 7 दिवसांवर आणला, तापाची अट तीच. तुमच्या घरात मधुमेही आजी आहेत, म्हणून मी 10 च धरायला सांगेन. सहवासातल्या माणसाचे 14 दिवस (हाही 2020 सालचा नियम) मात्र शेवटच्या संपर्कापासून सुरू होतात. मुलगा रोज रात्री बाबांच्या कुशीत झोपत राहिला, तर त्याचा पहिला दिवस कधी उजाडतच नाही. बाबांचे 10 आणि त्यानंतर त्याचे 14, म्हणजे 24 दिवस झाले. पहिल्याच दिवशी नीट वेगळे झालात तर हाच हिशेब 14 वर येतो. पहिल्या संध्याकाळी उरकलेली धावपळ पुढचे दहा दिवस वाचवते.

आता घराकडे वळू. जुन्या कौलारू घरात एक गोष्ट हमखास विसरली जाते: आतल्या भिंती पुष्कळदा कौलांपर्यंत जातच नाहीत. भिंत वाशांच्या खाली संपते आणि वर आढ्याखाली सगळ्या खोल्यांची हवा एकच असते. दार लावलं, खाली फटीत कापड कोंबलं, तरी आजाऱ्याची हवा भिंतीवरून पलीकडच्या बिछान्यावर उतरते. हे विषाणू श्वासाबरोबर सूक्ष्म कणांतून हवेत तरंगतात, म्हणून ही वरची वाट दाराइतकीच धोक्याची. अगरबत्तीने तपासा. स्टुलावर उभं राहून भिंतीच्या वरच्या कडेला अगरबत्ती धरा आणि धूर कुठे जातो ते पाहा. शेजारच्या खोलीत जात असेल तर वरती माळा किंवा सिलिंग असलेली खोली निवडा. तशी नसेल तर पावसाळ्यात आपण आडोशाला बांधतो ते जाड प्लास्टिक भिंतीच्या कडेपासून वाशांपर्यंत ताणून बांधा. तेवढी फट बुजली की निम्मं काम झालं.

खोली शक्यतो पूर्वेकडची किंवा घराच्या टोकाची घ्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा आणि पावसाची झड दोन्ही पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतात. पूर्वेच्या खिडकीतून झड आत येत नाही, त्यामुळे ती पावसातही उघडी ठेवता येते. शिवाय वारा घरातून त्या खोलीकडे आणि तिथून बाहेर जातो. पश्चिमेच्या खोलीत ठेवलेल्या आजाऱ्याची हवा सगळ्या घरातून फिरून मग बाहेर पडते. खिडकीपाशी टेबल फॅन ठेवा, तोंड बाहेर करून. फॅन हवा बाहेर ढकलतो आणि दाराच्या फटीतून घरातली हवा आत ओढली जाते. पुन्हा अगरबत्ती घ्या, या वेळी दाराच्या फटीजवळ: धूर खोलीत ओढला गेला पाहिजे. बाहेर आला तर फॅन खिडकीच्या आणखी जवळ सरकवा आणि दुसरी खिडकी असेल तर ती बंद करा. दार उघडताना छताचा पंखा बंद ठेवा, तो हवा चारही दिशांना फेकतो. तुमच्या घराला राजांगण (मधला उघडा चौक) असेल तर घरातले बाकीचे दिवसा तिथे बसा, तिथे हवा वर निघून जाते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एसी बंद ठेवावा. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो.

एकच चांगली खोली असेल तर ती कोणाला? आजाऱ्याला दारवाली खोली, आणि सासूबाई घराच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या खोलीत. त्यांनाही वेगळं ठेवायचं, पण आजारी म्हणून नव्हे, सांभाळायचं म्हणून. हा फरक त्यांना शब्दांत सांगा. नाहीतर "मला वाळीत टाकलं" हे मनात घेऊन बसतील. मुलगा आजींजवळ झोपतो का? मग त्याचे 14 दिवस संपेपर्यंत नको. त्याच्यात लक्षण दिसायच्या आधीच तो आजींना संसर्ग देऊ शकतो.

न्हाणीघर मागीलदारी, घराबाहेर आहे, ही तुमच्या घराची मोठी जमेची बाजू. आजाऱ्याने सकाळी सगळ्यांचं आटोपल्यावर शेवटी जावं. जाता-येता मास्क. झाल्यावर झरोका उघडा ठेवून अर्धा तास कोणी आत जाऊ नये. संडासाला झाकण असेल तर ते लावून मग पाणी सोडावं. रात्रीसाठी खोलीत झाकणाचं भांडं ठेवलंत तर पावसात बाहेर पडणं वाचतं.

पुसण्यासाठी ब्लीचिंग पावडर पुरते. 33 टक्के क्लोरीन असलेली 30 ग्रॅम पावडर 1 लिटर पाण्यात ढवळली की 1 टक्क्याचं द्रावण होतं. थोडा वेळ ठेवून वरचं निवळ पाणी घ्या. संडासाच्या फरशीला ते तसंच, 10 मिनिटं ओलं राहू द्यायचं. कडी, नळ, बटणं यांसाठी त्याचा एक भाग आणि नऊ भाग पाणी, म्हणजे 0.1 टक्का. बटणांवर ओतू नका, पिळलेल्या फडक्याने पुसा. रोज नवीन बनवा. कालच्या द्रावणाचा जोर उतरलेला असतो. पावडरही आपल्या दमट हवेत लवकर मरते. घट्ट डब्यात ठेवलेली आणि उघडताच नाकाला झोंबणारी असेल तरच वापरा. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ती कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात माणूस घुसमटतो. दुसरं, फेणीने हात चोळणं. फेणीत अल्कोहोल साधारण 42-43 टक्के असतं, विषाणूला किमान 60 लागतं. साबणाने 20 सेकंद हात धुणं त्याहून कितीतरी चांगलं. विहिरीच्या पाण्याची, वर्तमानपत्राची, पोदेराकडच्या (पाववाल्याकडच्या) पावाची फार भीती बाळगू नका. 2020 साली लोक भाजी साबणाने धुवत होते आणि खिडक्या मात्र बंद ठेवत होते. शक्ती खिडकीवर खर्च करा.

काळजी घेणारी व्यक्ती एकच असावी. तुमच्या घरात त्या बहुधा तुम्हीच. एन-95 मास्क घाला, झडपेचा नको. हा मास्क धुवायचा नाही. पाच मास्क पाच कागदी पिशव्यांत ठेवून रोज एक या क्रमाने फिरवा. भिजला, पट्टी सैल झाली की टाका. पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने तो लवकर मरतो, म्हणून सहा-आठ तास घालून बसण्यापेक्षा खोलीत जाण्यापुरता घाला. ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवा, दोन पावलं मागे या, मग त्याने उचलावं. भांडी साबण आणि गरम पाण्याने धुतली की पुरे, फेकायची पत्रावळ लागत नाही. कपडे झटकू नका, तसेच साबणाच्या पाण्यात बुडवा. उन्हाशिवाय वाळत नसतील तर इस्त्री फिरवा. आणि आजच ठरवा: तुम्ही आडव्या झालात तर कोण? भाऊ, नणंद, शेजारीण, एक नाव आधीच विचारून ठेवा. दोघेही पॉझिटिव्ह निघालात तर एकाच खोलीत राहायला हरकत नाही.

इथे एक इशारा देतो, कारण गोव्यात तो जिवावर बेततो. साथीच्या दिवसांत प्रत्येक ताप त्याच साथीचा असं धरून खोलीत बंद करू नका. पावसाळ्यात डेंग्यू आणि मलेरिया असतो, शेतात चिखलात उतरणाऱ्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून होणारा ताप) असतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात 2015 साली माकडतापाचे रुग्ण निघाले. तो गोचिडीतून होतो, माणसाकडून माणसाला जात नाही. रॅपिड टेस्ट ताप आल्याच्या पहिल्या दिवशी निगेटिव्ह आली तर 24 ते 48 तासांनी पुन्हा करा. दुसरीही निगेटिव्ह असेल आणि ताप तसाच असेल तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल: प्रौढाला 500 किंवा 650 मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. कोणाच्या तरी चिठ्ठीवरच्या स्टेरॉइडच्या गोळ्या तर अजिबात नकोत. ऑक्सिजन लागत नसताना त्या घेतल्याने फायदा नाही, उलट साखर चढते. 2021 साली काळ्या बुरशीचे इतके रुग्ण दिसले, त्यामागे मधुमेह आणि स्टेरॉइडचा हा मेळ होता.

ऑक्सिमीटर रोज तीन वेळा. पाच मिनिटं शांत बसून, हात कोमट करून, नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेल्या बोटाला लावायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबायचं. आकडा, नाडी, तापमान आणि मिनिटाला किती श्वास हे सगळं एका वहीत वेळेसह लिहा. श्वास पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजा, आणि त्याला सांगू नका. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. आकडा 95 च्या वर असेल तर खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालवून पुन्हा पाहा, साठीच्या पुढच्यांना तीनच मिनिटं. 3 अंकांनी किंवा अधिक घसरला तर डॉक्टरांना त्याच वेळी कळवा. 94 च्या खाली, श्वास मिनिटाला 24 च्या वर, छातीत दुखणं, ओठ निळे, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता 108. गाडी येईपर्यंत पालथं झोपवा: एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवून तास झाला नसेल, गरोदरपण असेल किंवा मणक्याचा, हृदयाचा त्रास असेल तर पालथं नको, उशांना टेकवून बसवा.

कोविडमध्ये फसवणारे दिवस पाचवा ते दहावा. ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, वही मागे पडते आणि नेमका तेव्हा ऑक्सिजन घसरतो. माणसाला दम लागल्यासारखं वाटतही नाही. म्हणून ताप गेल्यावर वही आणखी नेटाने लिहा.

सासूबाईंना लागण झाली तर साखर दिवसातून चार वेळा बघा. तापात ती चढते. पण जेवण गेलं नाही आणि गोळी मात्र घेतली, तर झपकन उतरते. ही दुसरी बाजू लोक विसरतात. दर दोन तासांनी पेज, वर चिमूटभर मीठ. पेज अंगी लागते आणि घशाखाली सहज उतरते. जुलाब असतील तर ओआरएसचं पाकीट 1 लिटर पाण्यात पूर्ण टाका. अर्धं पाकीट ग्लासात टाकून अंदाजाने घेऊ नका.

आता मनाचं. पहिले तीन दिवस माणूस आजारानेच झोपलेला असतो. चौथ्या दिवसापासून रात्र मोठी होते. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) नेलं तर परत येईन का, हा विचार दुपारी येत नाही, रात्री दोनला येतो. यावर धीराचे शब्द फार चालत नाहीत, वेळापत्रक चालतं. गोव्यातच 'संगाथ' या संस्थेने मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकडून नैराश्यावर उपचार करून दाखवले. त्यातला गाभा अगदी सोपा होता: मन बरं होण्याची वाट न पाहता छोटी, ठरलेली कामं करायची, मन मागून येतं. खोलीत हे असं करा. रात्री झोपताना उद्याची तीन कामं कागदावर लिहायची, प्रत्येक अर्ध्या तासात संपणारं. एक हाताचं (भाजीच्या शेंगा सोलणं नको, पण जुने फोटो लावणं, कपाट आवरणं, रेडिओ दुरुस्त करणं), एक माणसाचं (एका ठरावीक माणसाला फोन), एक अंगाचं (खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, ऑक्सिजन ठीक असेल तरच). झालं की रेघ मारायची. रेघ मारण्याला फार महत्त्व आहे, ती गाळू नका.

घरच्यांनी "कसं वाटतंय?" वीस वेळा विचारू नये. प्रत्येक वेळी तो स्वतःला चाचपतो आणि घाबरतो. सकाळी आणि रात्री वहीच्या वेळी विचारा. मधल्या फोनवर नारळ किती पाडले, कुत्र्याने काय केलं, हे बोला. रोज एक वेळ खिडकीशी भेट ठेवा: तुम्ही अंगणात, तो आत, मध्ये सहा फूट, दोघांना मास्क, पंधरा मिनिटं. उघड्यावर धोका फारच कमी. फक्त फॅन तेव्हा बंद करा, तो हवा थेट तुमच्या तोंडावर फेकेल. बातम्या दिवसातून एकदा, संध्याकाळी सातच्या आत. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको, नाहीतर रात्रीचे दोन ठरलेलेच.

मुलाला "बाबांजवळ जायचं नाही" असं दटावू नका. त्याला आकडा द्या. कॅलेंडरवर दहा चौकटी आखून रोज एक त्याने स्वतः रंगवायची. नऊ वर्षांचं मूल मास्क नीट वापरू शकतं. दाराखालून चिठ्ठी सरकवायचं काम त्याच्याकडे द्या. चिठ्ठ्या आत जातात, बाहेर येत नाहीत, एवढाच नियम. सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या बाया संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवून एकत्र म्हणू शकतात. आवाज एकमेकींत मागेपुढे होतो, म्हणून एकीने म्हणावं आणि बाकीच्यांनी आपापल्या घरी साथ द्यावी. त्या आठवड्यात चवथ (गणेशचतुर्थी) आली तर माटोळी (गणपतीवरचं फळा-पानांचं छत) बांधायला कोणालाही घरी बोलावू नका. मूळ घरी जमणारं सगळं गोत एका खोलीत, एका पंगतीत असतं. पूजा एकाच माणसाने करावी, बाकीच्यांनी फोनवर आरती ऐकावी. हे जड जातं, पण त्या एका दिवशी टाळलेला संसर्ग तीन घरं वाचवतो.

घरात एक गोष्ट आधीच माहीत असते, पण कोणी डॉक्टरांना सांगत नाही: आजारी माणूस रोज दारू पितो का. रोज पिणाऱ्याची खोलीत अचानक बंद झाली, तर 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम, धडधड, झोप जाते. दोन-तीन दिवसांत भास होणं, फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं. तापाची बडबड समजून ते चालवून घेतलं जातं आणि माणूस दगावू शकतो. लाज न बाळगता पहिल्याच फोनवर डॉक्टरांना किती आणि किती वर्षं ते सांगा. त्यावर औषधं आहेत, ती वेळेत द्यावी लागतात. घरच्या घरी 'आता सुटेल' म्हणून तोडू नका. मरणाचे विचार बोलून दाखवणारा, खाणं सोडणारा, दोन रात्री डोळा न लागलेला माणूस असेल तर टेली-मानस हा सरकारचा मानसिक आरोग्याचा फोन, 14416, चोवीस तास चालू असतो. फोन घरच्यांनीही लावावा, आजाऱ्यानेच लावायला हवा असं नाही.

शेजाऱ्यांपासून लपवू नका. 2020 साली हातावर शिक्का, दारावर कागद, यातून लोकांनी लपवायला शिकून घेतलं आणि त्यामुळे मदत उशिरा पोहोचली. वाड्यावरच्या पंचाला आणि एका शेजाऱ्याला स्वतः फोन करा. काय लागेल ते नेमकं सांगा: नुस्तं (मासे) नको, दूध एक लिटर, औषध अमुक, फाटकावरच्या पिशवीत. मोघम "काही लागलं तर सांगतो" म्हटलं की दोन्हीकडे अवघड होतं.

दहावा दिवस संपला, तीन दिवस ताप नाही, तर पुन्हा टेस्टची गरज नाही. आरटी-पीसीआर मेलेल्या विषाणूचे तुकडे कित्येक आठवडे दाखवते, त्यावरून आणखी कोंडू नका. खोलीच्या खिडक्या दिवसभर उघड्या टाका, चादरी धुवा, फरशी पुसा. वापरलेले मास्क कागदी पिशवीत 72 तास ठेवून, कापून मग कचऱ्यात. पुढचे दोन आठवडे नारळीवर चढणं, शेतात बांध घालणं, सिमेंटच्या गोणी उचलणं बंद. पहिल्या दिवशी अंगणात दहा मिनिटं, रोज पाच-पाच वाढवत. चालताना छाती दाटली किंवा बसल्यावरही नाडी शंभराच्या वर राहिली, तर दोन दिवस मागे येऊन पुन्हा दहावरून सुरुवात, आणि डॉक्टरांना एक फोन. ऑक्सिमीटरच्या बॅटरी काढून ठेवा, दमट हवेत आतच फुटून यंत्र वाया जातं.